थर्झाताईच्या जबानीची तारीख

पीझली हिल, व्हरमाँट
२२ फेब्रुवारी १९७३

श्री. हॉलिस टारबॉक्स यांस,

पत्र लिहिण्यास कारण की, मेपलच्या गुऱ्हाळाच्या दाव्यात कोर्टाने सगळ्या जबान्या ३१ मार्चच्या आत उरकायला सांगितल्या आहेत. माझे वकील क्विंबी म्हणतात, तारीख पुढे न्यायची तर दोन्ही पक्षांची लेखी संमती लागते. ती त्यांनी तुमच्या डटन वकिलांमार्फत मागवली, तर एवढ्याशा कागदाला दोन वकिलांची बिलं येतील. म्हणून मीच लिहितो आहे. फोन करणार नव्हतोच. आपल्या सामायिक लाइनवर मिसेस स्प्रेग कान लावून बसलेल्या असतात आणि त्यांची फुकट करमणूक करण्याची मला हौस नाही.

मार्चमध्ये मेपलना रस सुटेल. रस सुटलेला असताना कोट-टाय घालून वकिलाच्या कचेरीत बसायचं, शपथ घ्यायची आणि टाइप करणाऱ्या बाईला झेपेल अशा बेताने उत्तरं द्यायची, हे कोणाही शहाण्या माणसाला जमणार नाही. तरी तारीख १५ मेपर्यंत वाढवावी ही विनंती.

दाव्याबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही अशी क्विंबींची सक्त ताकीद आहे. त्यामुळे झाडं माझी असताना, गुऱ्हाळ तुमच्या जमिनीच्या तुकड्यावर उभं आहे एवढ्यावरून ते तुमचं कसं होतं, हे मी विचारत नाही. बाबांच्या शेवटच्या मोसमातल्या त्या दुपारी मी टाकीत रस ओतत असताना त्यांनी 'हे आता तुझं, सांभाळ' असं मला स्पष्ट सांगितलं, हेही लिहीत नाही. पीझल्यांच्या घरात गुऱ्हाळ कधी कागदावर दिलं जात नाही, तेव्हा कागद दाखव म्हणण्यात अर्थ नाही.

पहिली जबानी थर्झाताईची आहे. ती माझी बहीण आणि तुमची बायको असल्यामुळे मी तिला बजावलं आहे की तोवर तू यात पडू नकोस.

आपला,
मेरिट पीझली


समोरच्या घरातून
२६ फेब्रुवारी

मेरिट,

'श्री. हॉलिस टारबॉक्स यांस' काय रे? पाकीट उघडलं तेव्हा वाटलं, इन्कमटॅक्सवाले आले. तीस वर्षं दाजी दाजी करत माझ्या टेबलावर जेवलास आणि आता मी एकदम 'श्री.'?

तू राहतोस रस्त्यापलीकडे. तुझा टोस्ट करपला तर वास माझ्या ओसरीवर येतो. आणि तुझं पत्र गावात जातं, शिक्का खातं आणि दोन दिवसांनी टेकडी चढून माझ्या डब्यात पडतं. थर्झाला म्हटलं, शनिवारचं बीन्सचं भांडं त्याच्याकडे नेतेसच, जाता जाता माझं उत्तरही ने. म्हणाली, "बीन्स नेईन. भांडण नेणार नाही. तिकीट लाव."

१५ मे मला मान्य. सही खाली केली आहे. जज्जसाहेबांचा हुकूम लक्षात असेलच: निकाल लागेपर्यंत गुऱ्हाळ पूर्वीसारखंच चालवायचं. तुझा रस, माझं लाकूड. बोलायची सक्ती नाही.

मीही दाव्याबद्दल काहीच लिहीत नाही. मी भट्टीत लाकडं सारत होतो आणि सासरेबुवा खुर्चीतून म्हणाले, 'हे आता तुझं, सांभाळ.' त्या वेळी तू माझ्या मागे कुठेतरी बादल्या आपटत होतास. हे मी लिहिलेलं नाही, ध्यानात ठेव. आणि कागदाचं म्हणशील, तर पीझल्यांकडे काकवीची पळी हातात देतात आणि गुऱ्हाळ दिलं असं मानतात, हे मलाही ठाऊक आहे. तुला कुठे दिली होती रे त्यांनी पळी?

थर्झाला मीही सांगितलं आहे, तू मध्ये पडू नकोस. या बाबतीत तरी आपलं एकमत आहे.

हॉलिस (दाजी म्हणायचं की नाही, ते तुझं तू ठरव)


पीझली हिल
१९ एप्रिल

श्री. दाजी,

पळी तुम्हालाही दिली नव्हती. हे एवढं लिहून विषय बंद करतो.

मोसम संपला. उभ्या जन्मात इतक्या मुक्याने काकवी केली नव्हती. तुम्ही दिवसभर घसा खाकरत होतात. 'लाकूड संपलं' म्हणायला एक खाकरणं, 'दार लाव, वारा येतोय' म्हणायला दुसरं. शेवटच्या आठवड्यात तर मला तुमच्या खाकरण्याचा अर्थ पूर्ण कळायला लागला होता, ही लाजेची गोष्ट आहे. त्या वाफेत आपण दोघं दोन खांबांसारखे उभे, आणि ताई मधे पळी उचलून बघतेय, पळीवरून काकवीचा पदर सुटतो की नाही. सुटला की "काढा!" म्हणून ओरडते, आणि आपण दोघं धावतो. तिचा आवाज नसता तर यंदा काहील जळाली असती.

काकवी मात्र चांगली झाली. तुमचं लाकूड सुकं होतं. हे मी कबुली म्हणून लिहीत नाही.

बर्फावर काकवी ओतून खायला ताईने बोलावलं होतं, तेव्हा मी आलो नाही. कारण तुम्ही असणार होतात. नंतर तिने वाटीत बर्फ घालून, वर लोणच्यातली काकडी ठेवून ते इथवर आणलं. येईपर्यंत वितळलं होतं. मी तसंच प्यालो.

मेरिट


समोरून
७ मे

मेरिट,

१५ मे जमणार नाही. एक तर चिखल. रस्ता अजून वाळलेला नाही; डटन वकिलांची गाडी गेल्या आठवड्यात चाकांच्या वर रुतली आणि ते मोजे हातात घेऊन पायी खाली गेले. असा माणूस माझी बाजू काय मांडणार? दुसरं म्हणजे थर्झाला सर्दी झाली आहे. आवाज बसलाय. डोकं जड आहे. अशा स्थितीत शपथेवर बोलायला लावणं बरं नव्हे.

१५ जुलै करू या?

दाजी


पीझली हिल
१० मे

दाजी,

सर्दी झालेली बाई काल सकाळी शिडीवर चढून तुमच्या गोठ्याचे पत्रे ठोकत होती. आवाज इतका बसला होता की "हॉलिस, खिळे आण!" हे मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आलं.

खोटं बोलताना निदान तिला घरात तरी ठेवायचंत. पण चिखल खरा आहे. १५ जुलै मान्य, सही केली आहे. तिला सांगा, पत्र्यावर दव असताना चढत जाऊ नको.

मेरिट


समोरून
१६ जुलै

मेरिट,

तू गवताचं कारण सांगून तारीख ३० सप्टेंबरवर ढकललीस, मी सही केली. ते ठीक. पण मंगळवारी काय झालं ते मला कळू दे. पाऊस डोक्यावर आलेला, तुझं अर्धं गवत शेतात, तुझा ट्रॅक्टर बंद. मी माझा घेऊन आलो, आपण दोघांनी संध्याकाळपर्यंत सगळं गवत आत टाकलं. एक शब्द बोललास का? नाही. पाणी दिलंस, ग्लास माझ्यासमोर ठेवलास आणि तोंड फिरवलंस. गाढवासारखा राबलो आणि गाढवालासुद्धा माणूस काहीतरी बोलतो!

डटन म्हणतात, विरोधी पक्षाच्या गवताला हात लावणं दाव्याच्या दृष्टीने योग्य नाही. मी म्हटलं, गवत भिजलं तर गाई दावा बघत नाहीत.

घरी आलो तर थर्झा दारातच उभी. म्हणाली, "दोघांनी मिळून केलंत ना सगळं?" मी हो म्हटलं. आत गेली आणि भांडी घासता घासता डोळे पुसत होती. कांदा नव्हता तिथे. मी विचारलं नाही. मला अशा वेळी काय विचारायचं, हे या वयातही कळत नाही.

हॉलिस


पीझली हिल
२० जुलै

दाजी,

मी बोललो नाही कारण घसा दाटला होता. गवताच्या धुळीने.

आभारी आहे. आता पुन्हा हा विषय नको.

मेरिट


समोरून
४ ऑक्टोबर

मेरिट,

जत्रेसाठी म्हणून सप्टेंबरची तारीखही आपण पुढे ढकलली, आणि व्हायचं ते झालं. तुलाही मिळाला असेल जज्जसाहेबांचा कागद. या दोघा सद्गृहस्थांनी चार वेळा मुदत वाढवून घेतली आहे आणि प्रत्येक वेळी कारण एकतर आकाशातून पडलं आहे किंवा जमिनीतून उगवलं आहे, असं लिहिलंय. ९ नोव्हेंबर शेवटची तारीख. दुसऱ्या दिवशी हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होतो आणि त्याआधी त्यांना टेबल मोकळं हवंय. त्या दिवशी जबानी झाली नाही, तर साक्षीपुराव्याशिवाय गुऱ्हाळ लिलावात काढतील आणि पैसे दोघांत वाटतील. काहील, भट्टी, बादल्या, सगळं. कोणीतरी बॉस्टनवाला येईल आणि त्यात उन्हाळ्याचं घर बांधेल.

आता खरं सांगतो. क्विंबींना दाखवू नकोस.

चिखल, सर्दी, हे सगळं बहाणा होता. मला तिची जबानी नकोय. त्या दुपारी तिथे चौथं माणूस तीच होती. ती खोटं बोलणार नाही; ती नवऱ्यासाठीही बोलत नाही आणि देवासाठीही. ती म्हणाली, बाबांनी मेरिटला दिलं, तर मी तोंडघशी पडेन. ते मी सोसेन. पण ती म्हणाली हॉलिसला दिलं, आणि तू या रस्त्यावरून मान फिरवून जायला लागलास, तर थर्झा काय करेल? रविवारी तुझी खुर्ची अजूनही ती पुसते. तू वर्षभर बसला नाहीस त्यावर, तरी पुसते.

मला गुऱ्हाळ हवंय. पण इतकं नकोय.

दाजी


पीझली हिल
८ ऑक्टोबर

दाजी,

माझंही गवत नव्हतं. म्हणजे गवत होतं, पण कारण ते नव्हतं.

मी दावा लावला तेव्हा रागात होतो. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, 'बादल्या ओतणाऱ्याला कोण गुऱ्हाळ देतं,' ते मला लागलं. क्विंबींच्या कचेरीत सही केली तेव्हा कळलं नाही की शेवटी सगळं ताईच्या अंगावर येणार. ती तिथे शपथ घेऊन बसणार, आणि नवरा की भाऊ, यातलं एक नाव तिला घ्यावं लागणार. आई गेल्यावर मला तिने वाढवलं. ती दहा वर्षांची होती, मी आठचा. आणि मी तिला या खुर्चीत बसवलं.

गुऱ्हाळ गेलं तरी मी मरणार नाही. रस विकेन. पण शनिवारचं बीन्सचं भांडं यायचं थांबलं, तर या घरात राहण्यात काही राम नाही.

दावा मागे घेऊ का, म्हणून क्विंबींना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही मागे घेतलात, तर तुमचे दाजी उलटा दावा लावतील. तुम्ही लावाल का हो?

मेरिट


समोरून
१२ ऑक्टोबर

मेरिट, लेका,

नाही लावणार. पण डटन म्हणतात, आज तोंडी मिटवलंत, तर दोघं मेल्यावर पुतणे-भाचे भांडतील. मालक कोण ते एकदाचं ठरवा. ठरवायचं तर पुन्हा थर्झाच. फिरून भोपळे चौकात.

मी एक युक्ती काढली आहे. आपण दोघांनी मिळून वसंतापर्यंत मुदत मागायची. थर्झाच्या गुडघ्याचं कारण. डटन म्हणतात, आता जज्ज आपल्या दोघांवर विश्वास ठेवणार नाहीत. साक्षीदाराने स्वतः लिहून द्यायला हवं की मला येणं शक्य नाही. म्हणजे थर्झाची सही. अर्ज सोबत आहे, मी सही केली आहे. तू कर. मग तिच्याकडे तू घेऊन जा. तू भाऊ आहेस, तुझ्यावर ती ओरडत नाही.

दाजी


पीझली हिल
१५ ऑक्टोबर

दाजी,

ओरडत नाही? तुम्हाला माझं बालपण माहीत नाही.

सही केली आहे. नेणार मात्र नाही. तिच्या नावाने टपालात टाकतो. आपल्या दोघांत निदान टपालखात्याला तरी हिंमत आहे.

मेरिट


टारबॉक्सांच्या स्वयंपाकघरातून
२० ऑक्टोबर

हॉलिस आणि मेरिट,

एकच पत्र दोघांना लिहिते. कार्बन घालून. हॉलिस, तुझी प्रत साखरेच्या डब्याखाली आहे. एका घरात राहून तुला पत्र लिहायची वेळ आली, यावरून समजून घे.

अर्ज मिळाला. माझ्या गुडघ्याबद्दल इतकं हळवं वाचून मला माझीच दया आली. हाच गुडघा घेऊन मी तुमच्या दोघांची घरं सांभाळते, हे लिहायचं राहिलं बहुतेक.

माझी सर्दी, माझा गुडघा, माझा आवाज. वर्षभर तुम्ही माझ्या तब्येतीवर तारखा वाढवल्यात. तारीख कोणाच्या जबानीची? माझ्या. आणि विचारलंत कोणाला? एकमेकांना. वकिलांना. त्या बॉस्टनवाल्यालाही विचाराल, जो अजून आलेला नाही. मला एकदा तरी विचारलंत का, थर्झा, तुला कधी सोयीचं आहे? थर्झा, तुला बोलायचंय का? हॉलिस म्हणाला, मध्ये पडू नकोस. मेरिट म्हणाला, तू यात पडू नकोस. बरं. नाही पडले. गप्प बसले. बीन्स केले, काकवी केली, आणि तुम्ही दोघं आंधळ्यासारखे माझ्याच अवतीभवती ठेचकाळताय ते बघत बसले. हसू येत होतं, खरं सांगते. आणि रडूही येत होतं. हॉलिसने ते एकदा पाहिलं आणि काही विचारलं नाही.

सही करणार नाही. ९ नोव्हेंबरला सकाळी दहा वाजता मी क्विंबींच्या कचेरीत असेन. निळा कोट घालून. कोणी तरी शपथ घालून विचारणार आहे, तर निदान उत्तर तरी ऐकून घेतील.

थर्झा

ता. क. मेरिट, भांडं परत दे. आज शनिवार आहे.


समोरून
९ नोव्हेंबर, संध्याकाळ

मेरिट,

तू आत होतास. मी नव्हतो. तू पाहिलंस ना, मी दारापर्यंत आलो आणि उलट फिरलो. ट्रकमध्ये जाऊन बसलो. माझ्याने बसवेना आत. हरणावर बंदूक रोखायला मला भीती वाटत नाही, पण थर्झा उजवा हात वर करून उभी आहे, हे बघवेना.

बाहेर आली, ट्रकमध्ये बसली. म्हटलं, काय झालं? म्हणाली, "चल." म्हटलं, काय सांगितलंस? तर म्हणते, "शपथेवर सांगितलंय, टाइप करून घेतलंय. तेच पुन्हा तुला फुकट सांगू? डटनना विचार, ते बिल लावून सांगतील." आणि वाटेभर गुणगुणत होती! चर्चमधलं नव्हे, नाचाचं काहीतरी. घरी आल्यावर ॲपल पाय केला. दोन केले. एक झाकून ठेवलाय, कोणासाठी ते सांगत नाही.

मेरिट, माझा जीव टांगणीला लागलाय. कोणाला दिलं रे त्यांनी? तुला दिलं असेल तर सरळ लिही. मी येऊन किल्ली देईन आणि तुझ्याबरोबर जेवेन.

पत्र टपालात टाकत नाही. रस्ता ओलांडून तुझ्या दाराखालून सारतो. तू उठून दार उघडू नकोस, मी पळून जाईन.

दाजी


पीझली हिल
१० नोव्हेंबर

दाजी,

मी दार उघडलं होतं. तुम्ही खरंच पळालात. या वयात बर्फावरून असं पळू नका.

ऐका. अगदी जसं झालं तसं सांगतो.

क्विंबींनी विचारलं, "मिसेस टारबॉक्स, त्या दुपारी तुमचे वडील काय म्हणाले?" ताई म्हणाली, "'हे आता तुझं, सांभाळ.'" क्विंबी गोड हसून म्हणाले, "आणि हे ते मिस्टर पीझलींकडे बघून म्हणाले." ताई म्हणाली, "नाही. मेरिटची पाठ होती. तो टाकीत रस ओतत होता." डटन खुर्चीतून अर्धे उठले. "अर्थातच! म्हणजे मिस्टर टारबॉक्सकडे बघून?" ताई म्हणाली, "त्याचं डोकं भट्टीत होतं. बाबांना त्याचा फक्त मागचा भाग दिसत होता, आणि त्याला कोणी गुऱ्हाळ देणार नाही."

टाइप करणारी बाई फिस्सकन हसली. मग डटननी विचारलं, "तर मग, बाई, ते कोणाशी बोलत होते?"

ताई म्हणाली, "माझ्याशी. आणि कोणाशी?"

दाजी, बाईचे हात टाइपरायटरवर तसेच राहिले.

"बाबा खुर्चीत बसले होते," ताई म्हणाली. "पळी त्यांच्या हातात होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली, आणि म्हणाले, हे आता तुझं, सांभाळ. आमच्याकडे गुऱ्हाळ असंच देतात. आजोबांनी बाबांना असंच दिलं. त्या दिवसापासून पळी माझ्याकडे आहे. काकवी कधी उतरवायची, ते मी सांगते. हे दोघं ऐकतात. एकदाही कोणी म्हणालं नाही की पळी इकडे दे."

मी मनात एक एक मोसम आठवला. खरंच की! "काढा!" म्हणून ती ओरडते आणि आपण दोघं म्हातारे धावतो. आणि संध्याकाळी घरी जाऊन मालक कोण, म्हणून वकिलांना पत्रं लिहितो. आपण एकमेकांना विचारलं, पळी तुला कुठे दिली? आणि ती कोणाच्या हातात आहे, हे दोघांपैकी एकालाही बघायचं सुचलं नाही. आपल्यासारखे दोघे गाढव या टेकडीवर तरी दुसरे नसतील.

क्विंबी घाम पुसून म्हणाले, "बाई, हे तुम्ही वर्षभर आधी का नाही सांगितलंत? दावाच उभा राहिला नसता!"

ताईने हातमोजे काढून टेबलावर ठेवले. म्हणाली, "मला दोघांनी सांगितलं होतं, यात पडू नकोस. म्हटलं बरं, कोणीतरी विचारेल. तर जेव्हा जेव्हा विचारायची तारीख यायची, तेव्हा तेव्हा हे ती पुढे ढकलायचे. मला वाटायला लागलं, बाबा मला काय म्हणाले, ते ऐकायचंच नाहीये यांना." एवढं म्हणताना तिचा आवाज जरा हलला. मग नाक पुसलं आणि बाईला म्हणाली, "हे शेवटचंही टाइप करा."

मी उठलो आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. क्विंबींनी नको नको अशा खुणा केल्या, पण मी काही त्यांचं ऐकत बसलो नाही. म्हटलं, "ताई, चुकलं माझं." ती म्हणाली, "शपथ घेऊन म्हण." मी हात वर करून म्हटलं. बाईने तेही टाइप केलं.

दोन्ही वकील आपापल्या पिशव्या भरत होते. गुऱ्हाळ ताईचं, हा कागद सोमवारी तयार होतोय. मी सही करणार आहे, तुम्हीही करा. आणि तो दुसरा ॲपल पाय माझा आहे. मला आताच कळलं. तुमच्या दारात येऊन घेणार आहे, उद्या, रविवारी, जेवायच्या वेळी. खुर्ची पुसलेली आहे ना?

मेरिट


समोरून
१० नोव्हेंबर, दुपार

मेरिट,

वाचलं. दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघरात गेलो आणि तिला विचारलं, "थर्झा, त्या दुपारी सासरेबुवा तुला काय म्हणाले ग?" तिने हातातलं फडकं ठेवलं. मग खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. पहिल्यापासून. ते थकले होते ते, त्यांच्या हाताला पळी जड झाली होती ते, तिला तेव्हा कसं वाटलं ते. कॉफी गार झाली. मी एकदाही मध्ये बोललो नाही. या टेकडीवरचा हा पहिलाच चमत्कार.

खुर्ची पुसलेली आहे. ये.

दाजी


गुऱ्हाळातून
२५ फेब्रुवारी १९७४

श्री. हॉलिस टारबॉक्स व श्री. मेरिट पीझली यांस,

पत्र लिहिण्यास कारण की, पुढच्या मंगळवारी गावसभा आहे. मीटिंगमध्ये रस्त्यांच्या खर्चावरून दोघांनी भांडून घ्यावं, कारण बुधवारी भांडायला वेळ मिळणार नाही. रात्री गोठतंय आणि दिवसा निथळतंय; झाडं जागी झाली आहेत.

बादल्या सगळ्या घासून हव्यात. मेरिट, गेल्या वर्षी चार बादल्यांचे कान तुटके होते, ते दुरुस्त कर. हॉलिस, लाकूड भट्टीच्या डाव्या हाताला रच. उजव्या हाताला मी उभी असते, हे एव्हाना समजलं असेल. यंदा खाकरून काम चालणार नाही. तोंडाने बोलायचं. एकमेकांशीही.

पहिल्या दिवशीची काकवी बर्फावर ओतायची आहे, लोणचं आणि डोनट मी आणते. तीन वाट्या. मेरिट, वितळायच्या आत इथे येऊन खायची.

बुधवारी सकाळी सहाला दोघांनीही हजर राहावं. चिखल, गवत, सर्दी, गुडघा, जत्रा, हरणं, यांपैकी कोणतंही कारण ऐकून घेतलं जाणार नाही. मुदत वाढवून मिळणार नाही.

थर्झा पीझली टारबॉक्स